पट्टी कुणी बदलायची? ४३५ च्या ऑर्गनचं एक प्रकरण

पुण्यातल्या एका हौशी नाट्यसंस्थेनं जुनं संगीत नाटक पुन्हा रंगमंचावर आणायचं ठरवलं. संस्थेकडे पायांनी चालवायचा जुना अमेरिकन ऑर्गन होता. सदाशिव पेठेतल्या तालमीच्या खोलीत तो कित्येक वर्षं चादरीखाली पडून होता. साथीला तबला, व्हायोलिन आणि बासरी. ऑर्गन दुरुस्त होईपर्यंतच्या तालमी नव्या पेटीवर चालल्या होत्या. ऑर्गनचा भाता सांधून झाला, आणि पहिल्या एकत्र तालमीत पेटी आणि ऑर्गन एकाच वेळी वाजले तेव्हा सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दोन्हींवर काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) दाबली, तरी षड्ज जुळेना. सूर हेलकावे खात होता. बासरीवाला तर दोन ओळी वाजवून थांबलाच.

भात्याचं काम मीच केलं होतं, त्यामुळे पुढचा निरोपही मलाच आला. गेलो तेव्हा खोलीत तीन मतं तयार होती. त्यांतले आकडे म्हणजे पांढरी सहा हा स्वर सेकंदाला किती कंपनांचा लावायचा, ते. दिग्दर्शक म्हणाले, "काका, सगळं जग ४४० वर आहे, ऑर्गनही आणून टाका." नायकाची भूमिका करणारा मुलगा योगाचे वर्ग घेतो. त्याचं म्हणणं होतं की सगळंच ४३२ ला लावावं. तो निसर्गाचा सूर आहे, आणि आपला ऑर्गन त्याच्या जवळपास आहे हा काही योगायोग नाही. त्यानं फोनवर मोजून बघितलं होतं. ऑर्गन वाजवणारे अण्णा सत्तरीच्या पुढचे आहेत. ते एवढंच म्हणाले, "त्याच्या सुरांना कानस लावू नका." सूर म्हणजे इथे ऑर्गनच्या आतल्या, हवेनं कंप पावणाऱ्या पितळी जिभा.

मला वाटतं, असे प्रसंग आता पुण्यात वाढणार आहेत. जुनी वाद्यं माळ्यावरून खाली येतायत, हातात फोनवरचे ट्यूनर आहेत, आणि ४३२ विषयीचे व्हिडिओ घरोघरी पोचलेत. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

आधी मोजणी, तीही नीट

मुलानं मोजलेला आकडा खोटा नव्हता. मधल्या सप्तकातली पांढरी सहा (आजच्या प्रमाण पट्टीत हीच ४४० कंपनांची असते) त्याच्या फोनवर ४३२ च्या आगेमागे दिसत होती. मी मोजलं तेव्हाही बहुतेक स्वर ४३१ ते ४३४ च्या हिशोबात बसत होते. पण त्या मोजणीत दोन अडचणी होत्या.

पहिली अडचण खटक्यांची, म्हणजे सुरांच्या ओळी उघडायच्या-बंद करायच्या दांड्यांची. अशा ऑर्गनमध्ये सुरांच्या एकापेक्षा जास्त ओळी असतात आणि काही खटक्यांवर एक ओळ मुद्दाम किंचित वेगळी लावलेली असते, म्हणजे दोन्ही मिळून आवाज लहरत येतो. तो खटका ओढून मोजलं तर ट्यूनर गोंधळतो. एकच ओळ उघडी ठेवायची, पाय संथ आणि सारख्या दाबानं चालवायचे, स्वर दोनचार सेकंद स्थिर होऊ द्यायचा आणि मगच आकडा लिहायचा. दाब बदलला की पितळी सूर थोडा हलतो.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. हे ऑर्गन हवा आत ओढून वाजतात. म्हणजे वर्षानुवर्षं खोलीतली धूळ थेट सुरांवरून जात राहते. पितळेच्या जिभेच्या टोकाशी धूळ आणि हिरवट गंज बसला की टोक जड होतं, जीभ हळू कंप पावते आणि सूर उतरतो. आकड्याने बावचळण्याआधी सूर धुवायला हवेत, असं मी सांगितलं.

आकडीनं एकेक सूर त्याच्या खाचेतून ओढून काढला. मऊ ब्रशनं आणि स्पिरिटनं साफ केला, वाळवला, परत बसवला. जिभेला कानस लावली नाही. सगळं परत जागेवर गेल्यावर त्याच पांढरी सहानं ४३५ दाखवले. बाकीचे स्वरही ४३४ ते ४३६ च्या हिशोबात आले, चारदोन हट्टी सूर सोडून. म्हणजे ज्या ४३२ मध्ये निसर्गाचा हात दिसत होता, ते सदाशिव पेठेतल्या धुळीचं काम होतं. मुलानं तोंड वाकडं केलं नाही. आकडीनं पुढचे सूर त्यानंच काढले.

मग ४३५ च का? याचं उत्तर इतिहासात आहे आणि ते अगदी सरळ आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात गावोगावी पट्टी वेगळी होती आणि वाद्यवृंदांच्या चढाओढीत ती वर वर चालली होती. गायकांचे गळे फाटायला लागले. १८५९ साली फ्रान्सच्या सरकारनं समिती नेमून, कायदा करून ४३५ ठरवला. त्या समितीत संगीतकारांबरोबर लिसाजू हा पदार्थवैज्ञानिकही होता. १८८५ च्या व्हिएन्ना परिषदेनं तोच आकडा उचलला, आणि १८९१ मध्ये अमेरिकेतल्या पियानो कारखानदारांच्या संघटनेनंही. त्यानंतरच्या काळात तिकडून आलेला ऑर्गन ४३५ च्या आसपास सापडला तर त्यात नवल काही नाही. तो बिघडलेला नाही. तो त्याच्या काळाच्या प्रमाणावर बरोबर आहे.

४४० चं राज्य त्यानंतरचं. आकडा मात्र जुना: १८३४ मध्ये स्टुटगार्टच्या शास्त्रज्ञांच्या सभेत त्याची शिफारस झाली होती. १९३९ ला लंडनच्या परिषदेत तो आंतरराष्ट्रीय झाला आणि १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेनं (ISO) त्यावर शिक्का मारला. नाझींनी लोकांना अस्वस्थ करायला ४४० लादला अशी एक गोष्ट फिरते; १८३४ ही तारीख पुरेशी आहे ती बाजूला ठेवायला. इंग्लंडात त्याआधी ४३९ चालत होता, पण ४३९ ही मूळ संख्या असल्यामुळे विजेच्या उपकरणांनी तो नेमका काढणं अवघड जात होतं. ४४० च्या बाजूनं पडलेल्या कारणांत हेही एक होतं. थोडक्यात, सगळ्यांसाठी एक आकडा ठरवण्याची सोय.

वीस सेंट म्हणजे किती

४३५ आणि ४४० मधलं अंतर सुमारे २० सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. ४३२ आणि ४४० मध्ये सुमारे ३२ सेंट. एकट्या गाणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही. त्याचा षड्ज त्याचा असतो, तो काळी एकपेक्षा थोडा खाली लागला म्हणून गाणं अडत नाही. पण दोन पक्के सूर एकत्र वाजले की लपत नाही. पांढरी सहावर सेकंदाला पाच हेलकावे. मधल्या काळी एकवर तीन. खर्जाच्या काळी एकवर दीड, म्हणून तिथे कानाला ते कमी टोचतं आणि टिपेला जास्त. दिग्दर्शकांना "खाली जुळतंय, वर नाही" असं जे वाटत होतं, त्याचं कारण हेच. अंतर सगळीकडे सारखंच होतं.

ही मोजपट्टीही इथे सांगण्याजोगी आहे. सेंट हे माप एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकानं रूढ केलं. जगभरच्या पट्ट्यांचा इतिहासही त्यानंच १८८० मध्ये मांडला. आपल्याकडे त्यानंतर सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून स्वरांची मोजणी केली आणि १९१० साली पुण्यात आपलं २२ श्रुतींवरचं (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवरचं) पुस्तक छापलं. यात लक्षात घ्यावं असं हे की, देवलांचा सगळा जीव स्वरास्वरांतल्या अंतरात होता. गंधार षड्जापासून नेमका किती लांब, ऋषभ कोणता खरा. षड्ज स्वतः किती कंपनांचा, हा आपल्या परंपरेचा प्रश्न कधी नव्हताच. तो पेटीनं आणला.

आणि पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, म्हणून तिच्यावर कुठलाही आकडा लावा, तिचा गंधार नैसर्गिक प्रमाणातल्या (५/४) गंधारापेक्षा १४ सेंट चढाच राहतो, धैवत (५/३ पेक्षा) १६ सेंट चढा. ४३२ ला लावलेल्या पेटीतही तो तितकाच चढा. ज्याला सूर "नैसर्गिक" हवा आहे त्यानं खरं म्हणजे इथे बघायला हवं.

४३२ चा प्रश्न, मनापासून विचारलेला

मुलाचा आग्रह मी उडवून लावला नाही. त्याच्या वर्गात लोक शांत होतात, हे तो रोज बघतो. त्याचे मुद्दे एकेक करून बसून पाहिले.

१८८४ साली इटलीचा ऑपेराकार वेर्दी यानं ४३२ चा पुरस्कार केला होता, हे खरं आहे. पण त्याची काळजी गायकांच्या गळ्याची होती.

दुसरा मुद्दा, पांढरी एक २५६ वर येते म्हणून ४३२ पवित्र. पेटीच्या समान विभागणीत ४३२ लावलं की पांढरी एक सुमारे २५६.९ वर येते, २५६ वर नाही. २५६ पासून ४३२ मिळतो तो २७/१६ या प्रमाणानं, म्हणजे पंचमापंचमानं चढत जाऊन मिळणारा चढा धैवत. ५/३ चा धैवत घ्याल तर ४२६.७ येतो. दोन्ही आपल्या श्रुतींत आहेत, पेटीत एकही नाही.

तिसरा मुद्दा १३६.१ या "ओम"च्या कंपनांचा. ४३२ ला लावलेल्या पेटीत खर्जाची काळी एक १३६.०७ येते. हे जवळपास नेमकं जुळतं आणि म्हणूनच ते खूप पटतं. तो आकडा मात्र पृथ्वीच्या वर्षाचे सेकंद घेऊन, बत्तीस सप्तकं वर चढवून काढलेला आहे. हिशोब बरोबर आहे. कानाशी किंवा ओंकाराशी त्याचा संबंध त्या हिशोबात कुठेच येत नाही.

मग मी त्याला एक गणित करायला सांगितलं. हे सगळे आकडे "दर सेकंदाला" आहेत. सेकंद हे दिवसाचे २४, ६०, ६० असे तुकडे करून केलेलं माप. आपली जुनी पद्धत घटका, पळ, विपळ. २४ मिनिटांची घटका, २४ सेकंदांचं पळ, आणि विपळ म्हणजे ०.४ सेकंद. विपळात मोजलं तर ४३२ चे होतात १७२.८. आणि ४४० चे होतात बरोबर १७६. निसर्गाचा आकडा असता तर माप बदलल्यावर तो असा तुटला नसता. त्यानं ते वहीत दोनदा मांडून बघितलं. "मग ४४० तरी कशाला पवित्र म्हणायचं," असं तोच म्हणाला.

आरोग्याबद्दल: इटलीत २०१९ मध्ये ३३ स्वयंसेवकांवर एक छोटा प्राथमिक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४३२ च्या संगीतानंतर नाडीचे ठोके थोडे कमी झाले असं त्यात आढळलं. एवढ्या पुराव्यावर त्याच्या वर्गात त्यानं ४३२ चा तानपुरा लावला तर माझी काहीच हरकत नाही. तिथे जुळवायला दुसरं कोणी नसतं. नाटकात असतात.

हलू शकतो कोण

निर्णयाचा सगळा भार माझ्या मते या एका प्रश्नावर होता, म्हणून प्रत्येक वाद्याकडे त्याच नजरेनं पाहिलं.

तानपुरा, मग तो मिरजेचा असो की विजेवरचा, मण्यांनी किंवा बारीक खुंटीनं वीस सेंट खाली जातो. व्हायोलिनलाही मिनिटभराचं काम. तबला गट्ट्यांवर आणि गजऱ्यावर हातोडी मारून सहज उतरतो, त्याच जोडीत. पार्श्वसंगीताच्या कीबोर्डला तर नुसता आकडा बदलायचा. गळ्याला काही सांगायलाच नको.

पेटी हलत नाही. स्केल चेंजर आहे ना, असं दिग्दर्शकांनी विचारलं. स्केल चेंजर पट्ट्या सरकवतो, पण अख्ख्या अर्ध्या स्वरानं, म्हणजे १०० सेंटच्या पायरीनं. वीस सेंटची पायरी त्यात नाही.

आणि ऑर्गन. पाच सप्तकं, ६१ पट्ट्या, दोन पूर्ण ओळी: १२२ पितळी सूर. ४४० ला न्यायचे तर प्रत्येकाच्या टोकाकडून पितळ खरवडायचं, कारण टोक हलकं झालं की सूर चढतो. ४३२ ला न्यायचे तर मुळाकडून, कारण तिथे जीभ मऊ झाली की सूर उतरतो. दोन्हीकडे पितळ जातं ते जातंच. मी भिंगातून एक सूर अण्णांना आणि दिग्दर्शकांना दाखवला. वरच्या सप्तकातले काही सूर पूर्वी कुणीतरी टोकाला आडवे खरवडले होते. ताज्या पितळेच्या रेघा मूळ कारखान्याच्या गुळगुळीत पृष्ठावर स्पष्ट दिसत होत्या. एका जिभेचं टोक इतकं पातळ झालं होतं की उजेडासमोर धरल्यावर कडेला वक्र आलेला दिसत होता. अशा जिभेला आणखी वीस सेंट चढवणं म्हणजे तिला तडा जाण्याची वाट बघणं. आणि हे सूर आता कुठे मागवता येतात? पेटीचे सूर गुजरातेत पालिताण्याला बनतात, पण या ऑर्गनच्या खाचेत ते बसत नाहीत. दिग्दर्शक भिंग हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. त्यांचं मत तिथेच बदललं. माझ्या बोलण्यानं नव्हे.

संगीत नाटकाची जुनी बैठक आठवली तरी हेच दिसतं. बालगंधर्वांच्या साथीला हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर, कादरबक्ष सारंगीवर, तबल्यावर थिरकवाँसाहेब. त्या तिघांत ज्याला जागचं हलता येत नाही असं वाद्य एकच, ऑर्गन. सारंगीच्या तरफा आणि तबल्याच्या वाद्या त्याच्याकडे जाणार, तो त्यांच्याकडे जाऊ शकत नाही. ऑर्गनचा सूर हाच त्या रंगमंचाचा प्रमाण सूर.

काय केलं

ऑर्गन ४३५ वरच ठेवला. जे हट्टी सूर उरले होते तेवढेच शेजाऱ्यांशी जुळवले, तेही शक्य तितकं कमी पितळ काढून. लहरत्या ओळीची मूळ तफावत तशीच राखली. नवी पेटी ४४० चीच राहिली. ती बैठकीच्या कार्यक्रमांना जाईल, ऑर्गनबरोबर एका रंगमंचावर बसणार नाही. तालमींना आता पेटीऐवजी विजेवरचा तानपुरा, वीस सेंट उतरवलेला. नटांना आवाजात फरक जाणवला नाही. नायिका काळी चारमध्ये गाते. तिचा षड्ज २०७.७ वरून २०५.३ वर आला. वरच्या षड्जाला थोडं हलकं वाटतं असं ती म्हणाली, आणि वेर्दीला हेच हवं होतं. फोनवरच्या ट्यूनरचा पाया ४३५ कसा करायचा हे सगळ्यांना दाखवलं. तेवढं केलं नाही, तर व्हायोलिनवाला प्रत्येक वेळी "बरोबर" लावून चुकीचा बसतो.

बासरीचा प्रश्न मात्र खरोखर अवघड होता. बासरी एकसंध बांबूची. वादकांकडे अर्ध्या अर्ध्या स्वराच्या बासऱ्या असतात, त्यांच्या मधली नसते. फुंक आत वळवून वीस सेंट उतरवता येतात, पण आवाज दबतो आणि टिपेचं सप्तक हाताबाहेर जातं. बासरीवाल्यानं वाजवून दाखवलं आणि ते ऐकवेना. पांढरी तीनच्या बासरीत हवेचा स्तंभ साधारण ७० सेंटीमीटरचा. वीस सेंटसाठी तो जवळजवळ ८ मिलिमीटर लांब हवा. नुसतं टोक लांबवून भागत नाही, कारण मग फक्त सगळी भोकं बंद असतानाचा स्वर उतरतो, भोकांचे स्वर आहेत तिथेच राहतात. म्हणून नवीच बासरी करून घ्यायची ठरली. त्याचे पैसे संस्थेनं द्यावेत असं मी सुचवलं. ज्या वाद्यामुळे पट्टी ठरली ते संस्थेचं आहे, बासरी त्या वादकाची. ते मान्य झालं.

त्यात एक गुंता पुढेही राहणार आहे. बासरी हवेनं वाजते आणि हवा थंड झाली की बासरी उतरते, अंशामागे सुमारे ३ सेंट. पितळी सूर त्या मानानं जवळजवळ जागचा हलत नाही. बंद नाट्यगृहात ४३५ ची बासरी ठीक चालेल. डिसेंबरात उघड्यावर प्रयोग झाला, पुण्याची रात्र १५ अंशांवर उतरली, तर २५ अंशांना जुळवलेली बासरी तीस सेंट खाली येईल. त्या रात्री त्याची जुनी ४४० ची बासरीच ऑर्गनच्या जास्त जवळ असेल, फक्त दहा सेंट खाली, आणि तेवढं ओठांनी भरून काढता येतं. म्हणून त्याला दोन्ही बासऱ्या बरोबर ठेवायला सांगितलं आहे. नाटक सुरू व्हायच्या आधी, बासरी फुंकून गरम केल्यावर, ऑर्गनच्या पांढरी सहाशी दोन्ही लावून बघायच्या आणि मग एक निवडायची.

ऑर्गनच्या मागच्या फळीवर आतून एक कागद चिकटवला आहे: प्रमाण सूर ४३५, साफ करून मोजलेला, कोणत्या सुरांना कानस लागली त्यांचे क्रमांक, लहरती ओळ मुद्दाम वेगळी आहे, जुळवू नये. तो कागद अण्णांनी त्यांच्या अक्षरात लिहिला.